निकोटीनचं च्युइंगम (4 मिलिग्रॅम, पुदिना): सिगरेटच्या तलफेला चार तारे, हलत्या दाढेला दोन

आधी वापराचं सांगते, कारण याला शिव्या घालणाऱ्यांपैकी बरेच जण हे साध्या च्युइंगमसारखं चघळत बसतात असा माझा दाट संशय आहे. दोन-चारदा सावकाश चावायचं, तोंडात झोंबायला लागलं की थांबायचं आणि गाल नि हिरडीच्या मध्ये सारून ठेवायचं. झोंबणं ओसरलं की पुन्हा थोडं चावायचं. असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या बाजूने रक्तात जातं. भराभर चावलं तर ते लाळेबरोबर पोटात उतरतं. मग तलफ जागच्या जागी आणि वर उचक्या. कॉफी किंवा फळांचा रस घेतल्यावर पंधरा मिनिटं हे तोंडात टाकू नका, आंबट तोंडात ते नीट शोषलं जात नाही.

हे 2 आणि 4 मिलिग्रॅममध्ये मिळतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर 4 घ्यायचं. मी ब्रशच्या आधी पेटवणारी, त्यामुळे प्रश्नच नव्हता. चव? मिरपूड लावलेलं रबर. वेष्टनाचा कागद इतका चिवट की तलफ आलेल्या माणसाने नखांनी तो सोलायचा म्हणजे शिक्षाच. मी टेबलावर कात्रीच ठेवली.

पण तलफ मारतं. सिगरेटइतक्या झटक्यात नाही, पाच-दहा मिनिटं धीर धरावा लागतो. माझं काम दिवसभर फोनवर बोलण्याचं. गालात गोळी धरून बोलायला जमतं, फक्त ‘स’ आणि ‘श’ जरा ओले येतात.

आता दाढेचं. माझ्या हिरड्यांतून कधी रक्त आलं नव्हतं, म्हणून त्या ठणठणीत असणार असं मी धरून चालले होते. दातांच्या डॉक्टरांनी बारीक खुणांची सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालून मोजलं. हिरडी आणि दात यांतली फट 3 मिलिमीटरपर्यंत चालते. माझ्या वरच्या मागच्या दाढांना 6 आणि 7. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून ओढणाऱ्यांच्या हिरड्या आजारी असूनही फारशा रक्ताळत नाहीत. उपचार म्हणजे तोंडाचा एकेक भाग बधिर करून हिरडीखालचं, मुळांवरचं कीटण खरवडून काढणं. दुखलं नाही, पण तो खरखर आवाज थेट कवटीत ऐकू येतो. ओढणं चालू राहिलं तर एवढं करूनही हिरड्या कमीच साथ देतील, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

सिगरेट सुटल्यावर ब्रशला रक्त दिसायला लागलं आणि मी घाबरून फोन केला. आधी लपलेलं आता दिसतंय, म्हणाल्या. ब्रश आणि दातांच्या फटीतला छोटा ब्रश चालू ठेवा. मी विचारलं, निकोटीन तर च्युइंगममध्येही आहे, मग काय फरक? त्यांचं म्हणणं, धूर गेला, त्यातला कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायनं गेली, आणि निकोटीनही हळूहळू मिळतंय. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा बहुतेक फटी 4 किंवा त्याखाली होत्या. एक दाढ 6 वरच. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही, ती थोडी हलतेच.

दोन तारे तिथेच कापले. चावताना ती दाढ दर वेळी कुरकुरते, आणि नुकत्या खरवडलेल्या हिरडीला गोळी टेकली की चांगलंच चुरचुरतं. शेवटी डॉक्टरांना विचारून 21 मिलिग्रॅमचा निकोटीनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) लावला आणि च्युइंगम फक्त जोराच्या तलफेला, तेही दुसऱ्या बाजूला. ही जोडी एकट्या कशाहीपेक्षा चांगली चालते, अभ्यासांतही तेच दिसलंय. पॅचने दंडाला खाज येते, रोज जागा बदलावी लागते, आणि रात्रभर लावून झोपलं तर स्वप्नं भलतीच पडतात.

दात भक्कम असतील तर बिनधास्त घ्या. दात हलत असतील किंवा कवळी असेल (तिला हे चिकटतं) तर पॅच, नाहीतर विरघळणारी निकोटीनची गोळी बघा. हा डबा संपला की मी तीच आणणार आहे.