पेरणीसाठी कुठला अंदाज धरायचा? ॲपवरचा १५ दिवसांचा, आयएमडीचा (भारतीय हवामान खात्याचा) गुरुवारचा की एप्रिलमधला

जून जवळ आला की गावाकडच्या ग्रुपवर ॲपचे स्क्रीनशॉट पडायला लागतात, १८ तारखेला ४२ मिमी, १९ ला १५, आणि कोणीतरी विचारतंच की दादा पेरू का. तुम्ही पण त्याच विचारात असाल म्हणून तिन्ही अंदाज शेजारी ठेवून सांगतो, पण आधी थोडी केऑस थिअरी, म्हणजे सुरुवातीचा बारीक फरक पुढे केवढा मोठा होतो ते सांगणारं शास्त्र, कारण ती कळली की निवड बरीच सोपी होते.

१९६१ मधे अमेरिकेत एमआयटी विद्यापीठात एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ कॉम्प्युटरवर हवामानाचं छोटंसं मॉडेल चालवत होते. जुना रन, म्हणजे मॉडेल एकदा चालवून काढलेला हिशोब, परत बघायचा म्हणून त्यांनी मधल्या प्रिंटआऊटवरचा आकडा टाकला. मशीनच्या आत तो ०.५०६१२७ होता, कागदावर छापताना ०.५०६ झालेला. कॉफी पिऊन परत आले तर पुढचं हवामान भलतंच, जुन्याशी काही मेळच नाही. समीकरणं तीच होती, सुरुवातीला फक्त केसाएवढा फरक. आता खऱ्या वातावरणाचं मोजमाप तर कधीच पूर्ण अचूक नसतं, त्यामुळे साधारण दोन आठवड्यांपलीकडे रोजचा रोज अंदाज टिकत नाही, कॉम्प्युटर कितीही मोठा आणला तरी.

आता ॲप. पहिले तीन-चार दिवस बघायला ठीक. पण १२ व्या दिवसापुढे जो "४२ मिमी" दिसतो तो बऱ्याचदा एकाच रनचा आकडा असतो, उद्या सकाळी बघा, बदललेला असेल. आमच्याकडे एका वर्षी असाच लांबचा आकडा धरून सोयाबीन टाकलं, पाऊस आलाच नाही, दुबार पेरणी झाली, बियाणं खत मजुरी सगळं परत. आणि जागेचं म्हणाल तर २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ सुद्धा नाही, मग आपल्या शिवारावर नेमका किती हे १२ दिवस आधी कोण सांगणार.

दुसरा, आयएमडीचा गुरुवारचा, मला सगळ्यात जास्त पटतो. त्याच्या पद्धतीला एन्सेम्बल म्हणतात, म्हणजे लॉरेन्झला जे चुकून दिसलं तेच मुद्दाम करायचं, सुरुवातीचे आकडे किंचित बदलून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवायचं. युरोपचं आणि अमेरिकेचं हवामान केंद्र १९९२ पासून हे करतात, युरोपवाले तर ५१ रन काढतात. सगळे रन जवळपास एकच सांगत असतील तर भरवसा धरा, पांगले असतील तर थांबा. अंदाज किती कच्चा आहे हे अंदाजच सांगतो, शेतकऱ्याला अजून काय पाहिजे! आयएमडी दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा जो अंदाज देतं तो याच पद्धतीचा, त्यात तारीख शोधू नका, आठवडा ओला की कोरडा एवढंच बघा. आणि हो, रोजच्या बुलेटिनमधलं "तुरळक ठिकाणी" म्हणजे थोडा पाऊस असं नाही, त्या भागातल्या पाऊस मोजायच्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस, मग तो जोरदार पण असू शकतो. हे बरेच जण चुकीचं वाचतात.

तिसरा एप्रिलचा, म्हणजे आयएमडीचा पूर्ण पावसाळ्याचा. दोन आठवड्यांचं कळत नाही मग चार महिन्यांचं कसं काय? तर समुद्राचं पाणी हळू तापतं, हळू निवतं, एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) वगैरे महिनोन् महिने टिकतो, आणि उष्ण कटिबंधातला हंगामाचा एकूण पाऊस बराचसा त्यावर चालतो. जुल चार्नी आणि जगदीश शुक्ला या हवामानशास्त्रज्ञांनी १९८१ मधे हेच मांडलं. तरी २००२ ला नॉर्मलचा अंदाज होता आणि देशात पाऊस सरासरीच्या ८१ टक्क्यांवर थांबला. आणि ९६ ते १०४ टक्के म्हणजे नॉर्मल, त्यात मधे तीन आठवड्यांचा खंड आरामात बसतो. पीक कुठलं, वाण कमी दिवसांचा घ्यायचा का, यासाठी हा बघा, पेरणीच्या तारखेसाठी अजिबात नको.

म्हणजे मी असतो तर आधी ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन वाफसा यायची वाट बघितली असती, मग गुरुवारचा अंदाज, आणि पेरायच्या आदल्या दिवशी आयएमडीचा पाच दिवसांचा. विहिरीला पाणी आणि तुषार संच असेल तर दोन-चार दिवस अलीकडे पेरलं तरी निभावेल, कोरडवाहू असेल तर गुरुवारच्या अंदाजात पुढचा आठवडा कोरडा दिसत असताना चाड्यावर मूठ ठेवू नका, शेजाऱ्याचं पेरून झालं असलं तरी.