तोक्योत शिकवायला जाताय? यूआरचं घर की खासगी अपार्टमेंट

तोक्योतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत नोकरी लागो, नाहीतर जपानी शाळेत इंग्रजीच्या सहायक शिक्षकाची. शाळेने घर दिलं नाही तर प्रश्न शेवटी दोन वाटांवर येतो. एक म्हणजे यूआर या निमसरकारी संस्थेचं दांचीतलं, म्हणजे मोठ्या वसाहतीतलं, घर, दुसरी एजंटमार्फत मिळणारं खासगी अपार्टमेंट. भाडं, क्षेत्रफळ आणि स्टेशनपासूनची मिनिटं जाहिरातीत दिसतातच, त्यात वेळ घालवत नाही.

पैशाचं आधी. 80,000 येन भाड्याचं घर धरा. खासगीत एक महिन्याचं रेइकिन, म्हणजे मालकाला दिलेली आणि कधीच परत न येणारी रक्कम. एक महिन्याची अनामत. एजंटचं कमिशन एक महिना अधिक 10 टक्के कर. जामीन राहणाऱ्या कंपनीला अर्धा ते पूर्ण महिना. आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च, प्रत्येकी साधारण 15 ते 20 हजार. वर पहिलं भाडं. चार ते साडेचार लाख येन किल्ली हातात येण्याआधीच जातात, आणि दर दोन वर्षांनी कराराच्या नूतनीकरणासाठी आणखी एका महिन्याचं भाडं. रेइकिन नसलेली घरंही मिळतात, पण त्यांच्या करारात वर्षाच्या आत घर सोडल्यास दंडाचं कलम आहे का ते शोधाच. यूआरमध्ये दोन महिन्यांची अनामत, चालू महिन्याचं उरलेल्या दिवसांचं भाडं आणि सामायिक खर्च, बस. रेइकिन नाही, कमिशन नाही, नूतनीकरण नाही, जामीनदारही नाही.

खासगीची अडचण फक्त पैशाची नाही. खासगीत एजंट तुमच्यासमोरच मालकाला फोन लावतो आणि भाडेकरू परदेशी आहे हे पहिल्या वाक्यात सांगतो. जपानच्या न्याय मंत्रालयाने 2017 साली जाहीर केलेल्या पाहणीत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे 39 टक्क्यांना केवळ परदेशी म्हणून नकार मिळाला होता. यूआरमध्ये रेसिडेन्स कार्ड आणि उत्पन्नाची अट पूर्ण असली की हा प्रश्न येत नाही.

मात्र ती उत्पन्नाची अट काहींना आडवी येते. एकट्यासाठी भाडं 62,500 येनच्या खाली असेल तर महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या चौपट लागतं. त्यावर दोन लाखांपर्यंतच्या भाड्याला सरसकट 2,50,000. एजन्सीमार्फत लागलेल्या सहायक शिक्षकाचा पगार बऱ्याचदा याच रेषेच्या आसपास असतो. पर्याय म्हणून भाड्याच्या 100 पट बचत दाखवता येते (नव्या शिक्षकाकडे ती कुठून असणार!), किंवा वर्षाचं भाडं एकरकमी भरता येतं. दुसरी अडचण कागदांची. यूआरला ज्यूमिनह्यो, म्हणजे वॉर्ड ऑफिसचा रहिवासी दाखला लागतो, आणि तो मिळायला आधी कुठला तरी पत्ता लागतो. म्हणून पहिले काही आठवडे मासिक भाड्याची, फर्निचरसह खोली घ्यावी लागते. बुक करताना तिथे पत्ता नोंदवता येईल का, हे लेखी विचारून घ्या.

आता स्वयंपाकघर. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

शिक्षकाच्या पगारात बसणारं खासगी घर म्हणजे बहुधा एका खोलीचं, आणि त्यात ओट्यात बसवलेली एकच शेगडी: आयएच (म्हणजे इंडक्शन), किंवा जुन्या इमारतीत विजेच्या कॉइलची. आयएचवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. गोल बुडाची कढई आणि मध्यभागी खोलगट तवा नीट टेकत नाहीत, म्हणून तापतात तेही एका बाजूला. तवा उचलला की शेगडी बंद, त्यामुळे फुलका आचेवर टाकणं विसरा. वरण चढलं असेल तेव्हा फोडणी थांबते. काही जण सवय करून घेतात. मला रोजच्या जेवणात ते पटलं नाही.

यूआरच्या बहुतेक घरांत ओट्यावर गॅसची जागा आणि नळी जोडायचा कॉक असतो, शेगडी आपण आणायची. दोन बर्नरची साधारण 15 ते 25 हजार येनला मिळते. तोक्योत बहुतेक ठिकाणी पाइपचा शहरी गॅस असतो आणि शेगडीच्या खोक्यावर 12ए/13ए लिहिलेलं लागतं. एलपी लिहिलेली चुकूनही घेऊ नका, जेट वेगळा असतो. 2008 पासून दोन बर्नरच्या शेगडीत प्रत्येक बर्नरला तापमानाचा सेन्सर सक्तीचा आहे. भांडं सुमारे 250 अंशांवर गेलं की आच आपोआप बारीक होते, मग विझते. भाकरीचा कोरडा तवा तिथवर सहज पोचतो. यावर उपाय म्हणजे ‘आबुरी’ किंवा जास्त तापमानाचं बटण असलेलं मॉडेल. ते बहुधा एकाच बर्नरला असतं, तवा त्याच्यावर ठेवायचा. मिक्सर मात्र दोन्ही घरांत सारखाच अडतो: वीज 100 व्होल्टची, 230 व्होल्टचा भारतीय मिक्सर नुसता घुमतो. 110 व्होल्टचा घ्या.

यूआरचे त्रासही कमी नाहीत. छताला दिवे नाहीत, पडदे नाहीत, बऱ्याच घरांत एसीही नाही. जुन्या पाच मजली दांचीत लिफ्ट नसते, मग फ्रिज वर चढवण्याचे वेगळे पैसे. दांचीची तातामी, म्हणजे खोली मोजायची चटई, लहान असते, सहा तातामींची खोली कागदावर वाटते त्याहून आखूड निघते. पडदा आणि पलंग माप घेतल्याशिवाय मागवू नका. एदोगावा वॉर्डातल्या निशीकासाईसारख्या भारतीय वस्तीजवळची घरं लगेच उचलली जातात, कारण वाटप आधी येईल त्याला. स्टेशनला खेटून, नवं आणि छोटं घर हवं असेल तर खासगीतच जास्त निवड आहे.

सोडताना यूआरला 14 दिवसांची सूचना पुरते, खासगीत बहुधा महिना. भिंतीच्या कागदाची किंमत सरकारी मार्गदर्शक नियमांनुसार सहा वर्षांत जवळपास शून्यावर येते, पण दोन वर्षांत सोडलं तर फोडणीच्या तेलकट डागांचा बराच भाग तुमच्या माथी येऊ शकतो. शेगडीमागे चिकटपट्टीची ॲल्युमिनियम शीट पहिल्याच दिवशी लावा, कुठलंही घर घेतलं तरी.

करार एकाच वर्षाचा असेल, किंवा स्वयंपाकाशी फारसं देणंघेणं नसेल, तर फर्निचरसह मिळणारी खासगी खोली सोयीची ठरेल. दोन वर्षं किंवा जास्त राहायचं असेल तर मी यूआरकडे झुकेन. जपानी शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणून मार्चमध्ये सगळं शहर घर बदलतं. पाणी आणि वीज तुमच्याशिवाय सुरू होतात. गॅस सुरू करायला मात्र तुम्ही घरात लागता. किल्लीची तारीख कळली की त्याच दिवशी गॅस कंपनीची वेळ घेऊन ठेवा.