रेसरॅड की मॉडफ्लो? काळ्या मातीवरच्या प्रबंधासाठी

मराठवाड्यात अणुवीज केंद्र नाही. त्यामुळे किरणोत्सारी कचऱ्यावरचा इथला प्रबंध 'समजा'पासूनच सुरू होतो: समजा, शिवारात असा कचरा पुरला, तर पुढच्या हजार वर्षांत काय? एमएस्सीच्या विद्यार्थ्यापुढे त्यासाठी दोन मोफत सॉफ्टवेअर आहेत.

अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेचं रेसरॅड माणसाला वर्षाला किरणोत्साराचा किती डोस बसेल ते काढतं. पाणी, धान्य, दूध, मांस, धूळ, जमिनीतून येणारे गॅमा किरण, सगळं त्यात धरलेलं आहे. आलेला आकडा सर्वसामान्यांसाठीच्या वार्षिक १ मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक) मर्यादेशी लगेच ताडता येतो. गोम आधीच भरून ठेवलेल्या आकड्यांत आहे: वर्षाला ५१० लिटर पाणी, ६३ किलो मांस. म्हणजे दिवसाला दीड लिटरसुद्धा पाणी नाही! मे महिन्यात लातूरकडच्या रानात राबणारा माणूस तेवढं दुपारपर्यंतच पितो. पाणी वाढवा, मांस घटवा, ज्वारीची भाकरी हिशेबात घ्या. नाहीतर प्रबंध आयोवातल्या शेतकऱ्याचा होईल.

मॉडफ्लो अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं. भूजल कुठून कुठं सरकतं ते दाखवतं. सहाव्या आवृत्तीत विरघळलेल्या द्रव्याचा प्रवास आणि त्याचा किरणोत्सारी क्षयही मांडता येतो. डोस मात्र वेगळा काढावा लागतो. शिवाय आपला बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, अवघड. पाणी मुरमात, भेगांत, थरांच्या सांध्यांत. एका बांधावर बोअरला पाणी, पलीकडच्यात नुसता फुफाटा. आणि मॉडेल कप्प्याकप्प्याला सरासरी धरून चालतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी हाताशी नसतील तर याच्या नादी लागू नका.

खरा निवाडा कचऱ्यात कोणतं मूलद्रव्य आहे त्यावर होतो. सेशियम-१३७ चिकणमातीला घट्ट धरून बसतं आणि ३० वर्षांत निम्मं होतं. ३०० वर्षांनी हजारातला एक भाग उरतो. त्याला रेसरॅड पुरे. आयोडीन-१२९चा अर्धायुकाल (निम्मं व्हायला लागणारा काळ) दीड कोटी वर्षांच्या वर, टेक्नेशियम-९९चा दोन लाखांच्या वर. दोन्ही मातीत फारशी अडकत नाहीत, पाण्याबरोबर निघतात. तिथं मॉडफ्लोची मेहनत सार्थकी लागते. स्ट्रॉन्शियम-९० मधलं: कॅल्शियमसारखं वागून हाडात बसतं, पण चुनखडीच्या जमिनीत मातीवरच्या जागेसाठी त्याला कॅल्शियमशीच झगडावं लागतं.

सहा महिनेच हातात असतील तर सेशियम आणि रेसरॅड घ्या. माती त्याला किती धरते, तो वितरण गुणांक मात्र पुस्तकातून उचलू नका. किरणोत्सारी नसलेलं सेशियम क्लोराइड आणि आपल्याच शेतातली माती घेऊन तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजता येतो.