राउटर ते कॉम्प्युटर लॅन केबल: नऊ महिने वापरल्यानंतर

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. घर जुनं आहे. पुढची ओसरी आणि माजघर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. मागच्या दोन खोल्या विटांच्या, वर टिन. मी घरूनच हिशेबाचं काम करते. तीन कृषी केंद्रं, एक हार्डवेअरचं दुकान आणि एक दालमिल यांची जीएसटीची विवरणपत्रं माझ्याकडे असतात. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आत काम गेलंच पाहिजे. उशीर झाला तर दुकानदाराला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क बसतं, आणि ते माझ्या घरच्या नेटमुळे बसलं तर त्याच्यासमोर उभं राहायला मला लाज वाटते. म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहिते आहे.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत गावात विजेच्या खांबांवरून फायबर, म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाशावर चालणारं इंटरनेट, आलं आणि आम्ही लगेच जोडणी घेतली. प्लॅन १०० एमबीपीएसचा. खांबावरची वायर ओसरीत उतरते, म्हणून राउटरचा डबा तिथेच भिंतीला लागला. कॉम्प्युटर सगळ्यात मागच्या खोलीत, वायफायवर. मध्ये दीड-दीड फुटाच्या दोन मातीच्या भिंती. पहिल्या दिवसापासून ओसरीत मोबाइलवर ९० च्या वर स्पीड दाखवायचं आणि कॉम्प्युटरवर सहा-सात, कधी दोन. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या किमान २ एमबीपीएस अशी केली. शंभरचे पैसे भरून मी त्या तळाला पोहोचले होते.

मी तीनदा तक्रार केली. फोनवरच्या माणसाने सांगितलं, प्लॅन वाढवा. मी २०० चा घेतला. कॉम्प्युटरवर तेच सहा-सात. हे पैसे वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ज्याला नेमकं कुठे अडतंय हे माहीत नाही त्याला पहिला सल्ला हाच मिळतो.

चौथ्या तक्रारीला लाइनवरचा मुलगा आला. त्याने फायबर काढून आपल्या प्रकाश मोजायच्या मीटरला लावलं. मीटरवर उणे २१ डीबीएम आलं. अशा जोडणीत साधारण उणे २७ पर्यंत चालतं, त्याखाली गेलं की तुटायला लागतं, म्हणजे आमचा प्रकाश उत्तम येत होता. मग त्याने स्वतःचा लॅपटॉप वायरने डब्याला जोडला आणि १९० दाखवले. म्हणाला, "ताई, खोक्यापर्यंत बरोबर येऊन राह्यलं. तिथून तुमच्या कॉम्प्युटरवर काहून जात नाही, ते घरातलं हाय. वायर टाका." मला तेव्हा वाटलं, हा हात झटकतोय. तो खरं बोलत होता, आणि चौघांत तोच एक.

त्याचं म्हणणं पडताळायला एक तपासणी पुरते, तिला पैसे लागत नाहीत. विंडोजच्या शोधपट्टीत सीएमडी लिहिलं की काळी खिडकी उघडते. तिथे पिंग लिहून, जागा सोडून राउटरचा पत्ता टाकायचा. आमच्याकडे तो १९२.१६८.१.१ आहे, तुमचा राउटरच्या मागच्या स्टिकरवर असतो. यात बाहेरचं इंटरनेट येतच नाही, फक्त कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत जाऊन यायला किती मिलीसेकंद लागले ते दिसतं. वायरवर ते एकच्या आसपास हवं. माझ्याकडे ३, मग ४०, मग ३८०, मग 'टाइम आउट', पुन्हा ५ असं चाललं होतं. घरातल्या घरातच निरोप हरवत होता. कंपनीशी भांडण्याआधी हे बघितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

दोष वायफायच्या डोंगलचा, म्हणजे कॉम्प्युटरला वायफाय पकडून देणाऱ्या यूएसबीच्या तुकड्याचा निघाला. नखाएवढं ते डोंगल मी सीपीयूच्या मागे लावलं होतं. पुढे लोखंडी पेटी, मागे भिंत. वर 'एन १५०' छापलेलं, म्हणजे वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारं. अशा डोंगलला उघड्यावर, राउटरजवळ ठेवलं तरी तीस-चाळीसच्या वर जाणं कठीण असतं. शिवाय ते निळ्या यूएसबी पोर्टात होतं. यूएसबी ३.० चे पोर्ट काम करताना नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. मी घरात पडलेली जुनी यूएसबीची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर, सीपीयूपासून हातभर लांब आणलं. सात-आठचे एकदम बावीस झाले. ज्यांना वायर टाकणं शक्यच नाही, भाड्याचं घर आहे, त्यांनी एवढं तरी आजच करावं.

बावीसवर माझं भागत होतं. मग मार्चच्या शेवटी कूलर लागला.

विदर्भात हे वेगळं सांगायला नको. ऊन ४५ च्या पुढे जातं, कूलर नसेल तर मागच्या खोलीत दुपारी बसवत नाही. आमचा कूलर मोठा, टिनाचा, माजघराच्या दारात लागतो. आणि ते दार राउटर आणि माझ्या टेबलाच्या अगदी सरळ रेषेत आहे. कूलर लागला त्या दिवशी बावीसचे पुन्हा चार झाले. आधी मला संबंधच लागला नाही, उन्हाने राउटर तापतोय असं वाटलं. मग एका पहाटे कूलर दारातून ओढून बाजूला केला आणि स्पीड तपासलं: एकवीस. परत लावला: चार. लोखंडी पत्रा लहरी परत फेकतो आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं. टाकीभर पाणी, ओल्या गवताच्या तीन ताट्या आणि चहूबाजूंनी टिन, याहून पक्की भिंत मुद्दाम बांधूनही झाली नसती. दर उन्हाळ्यात 'नेट स्लो झालं' म्हणणाऱ्या विदर्भातल्या प्रत्येकाने आधी आपला कूलर कुठे आहे ते बघावं, हे मी मनापासून सांगते.

मे महिन्यात शेवटी केबल आणली. कॅट-६, २५ मीटर, दोन्ही टोकांना जॅक ठोकून ७८० रुपये. दुकानात स्वस्तातलीही होती, पण तिच्यात आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. ती वाकवली की लवकर तुटते आणि विजेला विरोधही जास्त करते. दुकानदाराला सांगून एक तार सोलून बघा: चाकूने खरवडल्यावर आतून पांढरी निघाली तर घेऊ नका. लांबीची काळजी करायचं कारण नाही, १०० मीटरपर्यंत चालते.

खरी अडचण भिंतीची होती. सासूबाई म्हणाल्या, "मातीची भित आहे बाई, ड्रिलनं हाणशील तर निम्मी खाली येईन." त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनीच सांगितल्याप्रमाणे सळाखीने हळूहळू भोक पाडलं, त्यात पाऊण इंची पीव्हीसी पाइप बसवला, आणि मातीत गव्हाचं कुटार कालवून त्यांनी स्वतः कडा लिंपून दिल्या. पाइप दुसऱ्या बाजूला थोडा उतरता ठेवला, म्हणजे पावसाळ्यात कवेलूतून ओघळ आला तरी पाणी आत थांबत नाही. दोन्ही तोंडांना जाळी लावली, कारण मातीच्या घरात उंदीर असतातच आणि केबलचं प्लास्टिक कुरतडतात. नऊ महिन्यांत लिंपण कुठे तडकलेलं नाही.

जोडल्यावर स्पीड आलं ९४. सात वरून ९४, आनंद तर झालाच, पण प्लॅन तर अजून २०० चा होता. ९४-९५ हा आकडा दिसला की समजावं, वायर १०० वर अडकली आहे. सेटिंग्जमध्ये ईथरनेटच्या माहितीत 'लिंक स्पीड' बघितलं तर तिथे १००० ऐवजी १०० लिहिलेलं. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० साठी पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी या चारच पुरतात. १००० साठी आठही लागतात. दुकानदाराने एका टोकाला तपकिरी जोडी नीट बसवली नव्हती. गावातल्या डिशवाल्या मुलाकडे ठोकणी होती, त्याच्याकडून जॅक नवा ठोकून घेतला. क्रम असा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. लिंक १००० झाली, स्पीड १९०. पुढच्याच महिन्यात मी प्लॅन परत १०० वर आणला. माझ्या कामाला तेवढं भरपूर आहे, आणि वाचलेल्या पैशांत केबल दोन महिन्यांत वसूल झाली.

इथे एक गैरसमज लिहून ठेवते, कारण माझाही होता. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे. ते बिट आहेत, फाइल बाइटमध्ये मोजतात, आठने भागायचं. डाउनलोड होताना साडेबाराच्या आसपास दिसलं तर पूर्ण स्पीड मिळतंय.

केबलने सगळं सुटलं असं मात्र नाही. जूनमध्येही पानं उघडायला वेळ लागायचा, स्पीड ९५ असूनही. विंडोजचं टास्क मॅनेजर उघडलं तर डिस्कचा वापर १०० टक्के, म्हणजे तिला क्षणाची उसंत नाही. जुनी फिरणारी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम. ब्राउझरमध्ये दहा पानं उघडली की कॉम्प्युटरच दमायचा आणि मी नेटला बोल लावायचे. २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली, रॅम ८ केली, तेव्हा कुठे हात मोकळा झाला. त्याच सुमारास कळलं की मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरमार्गे क्लाउडवर दिवसभर चढत होते. अपलोड भरून गेलं की डाउनलोडही अडतं, कारण आलेल्या प्रत्येक गोष्टीची पोच वर पाठवावी लागते. आता ते रात्री अकरानंतर चालतं. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून ८.८.८.८ टाकलं, त्याने पान शोधायला लागणारा क्षण थोडा कमी होतो, स्पीड वाढत नाही.

संध्याकाळी आठ ते दहा अजूनही मंद असतं. राउटरपर्यंतचा पिंग तेव्हाही एक मिलीसेकंद, म्हणजे घरातलं ठीक आहे. एकाच फायबरमधला सुमारे अडीच गिगाबिटचा प्रवाह वाटून अनेक घरांना जातो आणि त्यापुढची लाइनही गावभर एकच. सगळे एकदम बसले की गर्दी होणारच. यावर केबल, एसएसडी, काहीच उपाय नाही. मी मोठ्या फाइली पहाटे पाठवते, आणि २० तारखेचं काम १७ लाच संपवते.

केबलचा एक तोटा मला महागात पडला. जुलैमध्ये वीज कडाडली आणि राउटरचा ॲडॉप्टर गेला. फायबर काचेचं असल्याने त्यातून वीज येत नाही, पण तांब्याची लॅन केबल मात्र राउटरवर आलेला झटका थेट कॉम्प्युटरपर्यंत नेऊ शकते. माझं मदरबोर्ड वाचलं. तेव्हापासून ढग दाटले की राउटरचा प्लग आणि कॉम्प्युटरमागचा लॅन जॅक दोन्ही काढते. वायफायवर ही भीती नव्हती. लाइट जाण्यासाठी राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला आहे, तो आमच्या डब्याला तीन तास पुरतो.

ऑक्टोबरात काळ्या तोंडाच्या वानरांनी खांबावरची वायर ओढली आणि नेट चार दिवस बंद होतं. डब्यावर लाल दिवा लागला की दोष बहुतेक बाहेरचा, तेव्हा घरात काही उचकू नका. जोडून गेल्यावर स्पीड पुन्हा मंद वाटलं म्हणून बघितलं, तर उरलेलं फायबर कपाटामागे करकचून दुमडलं होतं. काच दुमडली की प्रकाश बाहेर सांडतो. मी ते सोडवून बांगडीएवढ्या गोल वेटोळ्यात ठेवलं. याहून लहान वेटोळं करू नका.

२५ पैकी १९ मीटर लागली. मुलगी दहावीला आहे, तिचं टेबल शेजारच्या खोलीत. उरलेले सहा मीटर आणि पाच पोर्टचा एक स्विच, म्हणजे एका लॅन केबलचे अनेक फाटे करणारा डबा, या रविवारी तिच्यासाठी बसवायचा आहे. तिथली भिंत विटांची आहे, ड्रिल चालेल.