सातशे नव्याण्णवचा चाकू आणि चार टाके

माझ्या उजव्या तर्जनीच्या मधल्या पेरावर चार टाक्यांची खूण आहे. कुणी विचारलं की 'ट्रेकला लागलं' म्हणून विषय संपवतो. खरं तर ती खूण मी ७९९ रुपयांना विकत घेतली आहे. वर आणखी ९९ रुपये घालवले, ते सांगायला जास्त लाज वाटते.

पावसाळ्याआधी सॅकमधली अडीअडचणीची पिशवी नव्याने भरत होतो. शिट्टी, हेडटॉर्च, डबीत काडेपेटी, ओआरएस, क्रेप बँडेज, दहा मीटर दोरी. चाकू मात्र घरच्या ओट्यावरचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. म्हटलं, आता एक छोटा घडीचा घेऊ. फोनवर दोन-तीनदा शोधलं आणि दुसऱ्या दिवसापासून जाहिराती पाठीच लागल्या. एका व्हिडिओत एक माणूस चाकूने नारळ फोडतो, त्याच धारेने कागदाच्या पट्ट्या काढतो आणि शेवटी पात्याला लोहचुंबक चिकटवून म्हणतो, "अस्सल डी-टू स्टील!" (डी-टू हे कारखान्यातल्या हत्यारांचं कडक स्टील.) २,९९९ वर काट, खाली ७९९. आर्मीचा स्टॉक, शेवटचे ४० नग. पैसे माल घरी आल्यावर द्यायचे, मग फसायचं कसं, असा माझा हिशेब. पण खोकं आणणाऱ्या पोराच्या हातात आधी पैसे ठेवावे लागतात, खोकं उघडायचं ते त्यानंतर. तो बिचारा तरी काय करणार.

चाकू हातात आला तेव्हा आवडला, हे कबूल. वजनदार, काळाभोर, पात्यावर ठसठशीत 'डी-२'. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, आयात करणाऱ्याचा पत्ता नव्हता, एमआरपी नव्हती, कोणत्या देशात बनला तेही नव्हतं. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर याहून जास्त माहिती असते. पण त्या संध्याकाळी मी खोकं वाचत नव्हतो, चाकू उघड-मिट करत बसलो होतो.

मग रतनगड. रतनवाडीतून चढलो, वर गुहेत मुक्काम. रात्री सॅकचा खांद्याचा पट्टा शिलाईतून निघाला. पट्ट्याला भोक पाडून सुतळी ओवू म्हटलं आणि चाकूचं टोक टेकवून दाबलं. टोकावर जोर दिला की घडीचं पातं मिटायला बघतं. त्याला अडवायचं काम लॉकचं. माझ्या चाकूत लायनर लॉक होतं, म्हणजे मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते, पातं पूर्ण उघडलं की ती आत सरकून पात्याच्या बुडाला अडसरासारखी लागते. माझी पट्टी बुडाच्या नुसत्या कडेवर टेकलेली होती. ती निसटली आणि पातं बोटावर मिटलं. क्रेप बँडेजचं उद्घाटन असं झालं. सकाळी एका हाताने शिडी धरत उतरलो आणि राजूरला टाके घालून घेतले.

घरी आलो तर पात्यावर गंजाचे ठिपके. लॉकचं सोडून मी आधी गंजाचीच तक्रार केली, हा माझा बावळटपणा. व्हॉट्सअॅपवर उत्तर आलं, "सर, डी-टूला गंज येतोच." आणि हे खरं आहे! त्यात गंज रोखणारं क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, पण कार्बनही दीड टक्का असल्याने बरंचसं क्रोमियम त्यातच अडकतं. पूर्ण स्टेनलेस ते नव्हेच. माणसाला विषय माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

भोसरीत माझा एक मित्र टूलरूममध्ये आहे. तिथे डी-टू म्हणजे रोजचा माल, पंच आणि डाय त्याचेच करतात. त्याने आधी लोहचुंबकाची गंमत ऐकून घेतली आणि पोटभर हसला. चुंबक साध्या खिळ्यालाही चिकटतो, स्वस्तातल्या चाकूच्या स्टीललाही आणि डी-टूलाही. मग पात्याच्या बुडाजवळ कानस फिरवली. नीट कडक केलेल्या डी-टूवर ती घसरायला हवी, इथे भुसा पडायला लागला. शेवटी कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर तीन ठिकाणी दाबून बघितलं. साधारण ५८ ते ६० यायला हवं होतं, काटा ४६ च्या वर गेला नाही. मित्र म्हणाला, "हे डी-टू नाही, नाहीतर याला हार्डनिंग माहीत नाही. तुझ्या बोटाला दोन्ही सारखंच."

आकडे पाठवल्यावर विक्रेता एकदम गोड झाला. 'रिटर्न पिकअप'चे ९९ रुपये भरा, पूर्ण परतावा मिळेल. भरले. मग एक क्यूआर कोड आला: स्कॅन करा, ७९९ जमा होतील. स्कॅन केला तर यूपीआय पिन मागितला. तेव्हा कुठे ट्यूब पेटली, कारण पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. तिथेच थांबलो. पिन टाकून पैसे गेलेच असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करावा लागला असता. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण विक्रेत्याचा पत्ता काय लिहिणार? ऑनलाइन विकणाऱ्याने स्वतःचं नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा संपर्क साइटवर द्यायला हवा, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. यांच्याकडे एक व्हॉट्सअॅप नंबर होता, तोही दोन दिवसांत बंद.

आता चाकू दुकानात जाऊन, हातात घेऊन निवडतो. पातं सात-आठ सेंटिमीटरचं पुरतं. दोरी, बँडेज, कांदा, याहून मोठं काम गडावर निघत नाही. लॉक असेल तर ती पट्टी बुडामागे किती आत येते ते डोळ्यांनी बघतो. मग मूठ अशी धरतो की पात्याच्या वाटेत एकही बोट नाही, आणि पात्याची पाठ लाकडावर दाबतो. दुकानदार कुरकुरला तर बाहेर. उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हललं तरी नको. ओपिनेल या फ्रेंच चाकूची फिरवायची कडी मला या पट्टीपेक्षा भरवशाची वाटते, बंद झाली की दिसते. स्विस आर्मीच्या नेहमीच्या ९१ मिलिमीटरच्या चाकूंना मुख्य पात्याला लॉकच नसतं, पण ते तसं सांगून विकतात, त्यामुळे माणूस टोकाने दाबायला जातच नाही. भोक पाडायला त्यात वेगळी टोचणी असते. तीच मला त्या रात्री हवी होती. अर्थात त्यांच्याही नकला फुटपाथवर ढिगाने मिळतात.

गेल्या आठवड्यात बहिणीने एक लिंक पाठवली, 'दादा, हा घेऊ का?' दुकानाचं नाव नवीन, किंमत ६९९, नारळ तोच. आणि शेवटचे ४० नग अजून संपलेले नाहीत.