आयबीएस: आधी वेळापत्रक बदलायचं की ताट?

घरून निघण्याआधी तीनदा जाऊन आलो तरी घाटकोपर आलं की पोटात मुरडा मारायचा. लोकलमध्ये शौचालय नसतं. माझी पाच वर्षं अशी गेली. घाटकोपर, कुर्ला आणि दादरला शौचालय प्लॅटफॉर्मच्या कुठल्या टोकाला आहे, हे मला मोटरमनपेक्षा चांगलं ठाऊक आहे. डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे वारंवार पोट दुखणं आणि शौचाचं तंत्र बिघडणं) असं नाव सांगितलं आणि ‘टेन्शन घेऊ नका, बाहेरचं खाऊ नका’ म्हणून बोळवण केली. मुलुंडहून फोर्टला जाणाऱ्या माणसाला या दोन्ही सूचना पाळायच्या कशा, ते मात्र सांगितलं नाही.

खाण्यात बदल करायचे म्हटले की दोन रस्ते समोर येतात. एक साध्या शिस्तीचा, दुसरा ‘लो-फॉडमॅप’ आहाराचा, म्हणजे पोटात आंबणारी काही कर्बोदकं टाळण्याचा. मी दोन्हींवरून चाललोय.

पण आधी दुखणं खरंच आयबीएस आहे ना, ते बघा. डॉक्टर आयबीएस ओळखायला जे ‘रोम ४’ निकष वापरतात, त्या २०१६ च्या निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखायला हवं. त्या दुखण्याचा शौचाशी, किती वेळा जावं लागतं याच्याशी किंवा मल घट्ट-पातळ होण्याशी संबंध असावा (तिन्हींपैकी दोन तरी), आणि तक्रार सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग, यातलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवा. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असतो, तो इसबगोलाने बरा होत नाही. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. रांग लांब असते, तरी जा. आणखी एक, गहू बंद करण्याआधी सिलिअ‍ॅक आजाराची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो) रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर ती तपासणी फसवी येऊ शकते.

आता पहिला रस्ता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती वाचताना आजी बोलतेय असं वाटतं. वेळेवर जेवा, चावून खा, जेवण चुकवू नका, दोन जेवणांत फार अंतर ठेवू नका, चहा-कॉफी दिवसाला तीन कपांवर जाऊ देऊ नका, दारू आणि सोडा कमी करा. यात तेलकट कमी करायचं एवढं घाला. ऐकायला अगदी बाळबोध. पण माझा दिवस बघा: सकाळी उपाशीपोटी चहा, अकराला कटिंग, जेवण कधी दीडला तर कधी साडेतीनला, पाचला परत कटिंग आणि रात्री साडेनऊला दिवसभराची भूक एकदम. पोटाने काय करावं?

दुसरा रस्ता मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आला. काही कर्बोदकं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती पाणी ओढतात आणि पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू ती आंबवतात, वायू होतो. आयबीएसवाल्याचं आतडं हळवं, त्यामुळे तेवढ्या वायूनेही पोटाला गुबारा धरतो. हीच ती ‘फॉडमॅप’. ही कर्बोदकं कशात असतात? कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, आंबा, सफरचंद, सीताफळ, फ्लॉवर, मशरूम, काजू. म्हणजे मिसळपाव हा एका ताटात मांडलेला पेपरच आहे म्हणा ना: कडधान्य, कांदा, लसूण, मैदा. भात, पोहे, ज्वारी, नाचणी, बटाटा, गाजर, भेंडी, संत्रं, पपई, अंडी आणि मासे मात्र चालतात.

इथे बहुतेकांची गफलत होते. हा आहार जन्मभराचा नाही. दोन ते सहा आठवडे बंदी, मग एकेक गट थोडा थोडा वाढवत परत आणून बघायचं, आणि शेवटी जे बाधतं तेवढंच कमी ठेवायचं. लोक पहिल्या पायरीवरच मुक्काम ठोकतात. वर्षभर कांदा-गहू-डाळी सोडून बसतात आणि आतड्यातले चांगले जिवाणूही उपाशी ठेवतात. वजन आधीच कमी असेल किंवा खाण्याचीच धास्ती बसली असेल, तर आहारतज्ज्ञाशिवाय या वाटेला जाऊच नये.

मग जास्त गुण कशाने येतो? स्वीडनमध्ये २०१५ साली ७५ रुग्णांवर चार आठवडे दोन्ही रस्ते पडताळून पाहिले. दोन्हीकडे साधारण निम्म्यांना आराम पडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका चाचणीत एकूण आराम दोन्हीकडे जवळपास सारखा निघाला, पण पोटदुखी आणि गुबारा लो-फॉडमॅपवर जास्त कमी झाला. तेव्हा कोणता आहार श्रेष्ठ यापेक्षा तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं, हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो.

कारण लो-फॉडमॅप म्हणजे दुसऱ्याच्या हातचं जेवण बंद. वाटणातला कांदा वेचून टाकता येत नाही. त्यातला त्रासदायक भाग पाण्यात विरघळतो, म्हणजे तुकडे काढले तरी तो रश्श्यात राहतोच. तेलात मात्र विरघळत नाही. म्हणून तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकायच्या आणि त्याच तेलाची फोडणी द्यायची, स्वाद येतो आणि पोट गप्प राहतं. हिंगही कामाला येतो, पण बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, डबी वाचून घ्या. कडधान्य रात्रभर भिजवून, उकडून, दोन्ही वेळचं पाणी ओतून द्यायचं आणि वाटीऐवजी दोन-तीन चमचे खायचं. हे सगळं डबेवाल्या मावशींना समजावणं मला जमलं नाही. ज्यांचा डबा बाहेरून येतो त्यांनी पहिला रस्ता धरावा, सरळ. घरी मासळी शिजत असेल तर दुसरा बराच सोपा जातो. बिनकांद्याचं, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि भात यात काहीच आडवं येत नाही. शाकाहारी माणसाची डाळीवाचून खरी पंचाईत.

तिसरी एक गोष्ट दोन्ही रस्त्यांवर चालते, इसबगोलाची भुशी. ‘फायबर खा’ म्हणून गव्हाचा कोंडा खाणाऱ्यांनी हे वाचावं: नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांना रोज १० ग्रॅम भुशी, १० ग्रॅम कोंडा किंवा नुसतं पीठ दिलं. भुशीने गुण आला, कोंडेवाल्यांतले बरेच जण त्रास वाढला म्हणून मध्येच बाहेर पडले. बद्धकोष्ठ असो की जुलाब, भुशी चालते. एका चमच्यापासून सुरुवात करा, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि आठवड्या-आठवड्याने वाढवा. पहिल्याच दिवशी तीन चमचे घेऊन ‘मला सोसत नाही’ म्हणणाऱ्यांत मीही होतो.

व्यायामाचं थोडक्यात. जर्मनीत ५९ रुग्णांत योग आणि लो-फॉडमॅप यांची तुलना झाली, बारा आठवड्यांनी फरक दिसला नाही. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट किंवा मरीन ड्राइव्हचं कैवल्यधाम वाटेत पडत असेल तर हा रस्ता स्वयंपाकघराला हात न लावता जमतो. प्रवासात पोट जास्त बिघडत असेल तर मी हाच आधी धरीन.

पैसे कुठे घालू नयेत तेही सांगतो. एका लॅबने मला रक्तावरून ‘फूड इन्टॉलरन्स’ तपासून दिली आणि न सोसणाऱ्या पदार्थांची लांबलचक यादी हातात ठेवली. आयबीएससाठी या आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांच्या) तपासण्यांची शिफारस होत नाही. त्या यादीत तांदूळ होता, कांदा नव्हता. पुढे माझ्या पोटाने नेमकं उलटं सांगितलं.

मी आज सुरुवात केली असती तर पहिले चार आठवडे फक्त वेळ, चहा आणि इसबगोल. त्यानंतरही गुबारा आणि वायू राहिला, आणि घरचं स्वयंपाकघर ताब्यात असलं, तरच लो-फॉडमॅप. तोही चातुर्मासात. कांदेनवमीला भजी खाऊन घ्यायची, आषाढी एकादशीपासून घरात तसाही कांदा-लसूण येत नाही, सासूबाईंना फॉडमॅप समजावून सांगावं लागत नाही. उपवासाचा साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा हे सगळं यादीत बसतं, फक्त तुपावर हात आखडता ठेवायचा. अधिक श्रावण किंवा अधिक भाद्रपद नसेल तर एकादशीपासून गणेश चतुर्थीपर्यंत साडेसात आठवडे मिळतात. बंदी चारातच आटपायची. पाचव्या आठवड्यात पहिली परीक्षा गव्हाची, अर्ध्या पोळीपासून. माझी पोळी पास झाली. कांदा दुसऱ्याच दिवशी नापास.