अ‍ॅडव्हान्स कोर्स की एमएचपीई?

सिंधुदुर्गातल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका सहायक प्राध्यापिकेने विचारलं, "बेसिक कोर्स झाला, पुढे काय?" बेसिक म्हणजे डॉक्टर-शिक्षकांना शिकवायचं कसं ते शिकवणारा छोटा कोर्स. त्यापुढचे दोन रस्ते: त्याचाच वरचा टप्पा असलेला अ‍ॅडव्हान्स कोर्स, किंवा एमएचपीई. माहितीपत्रकं बाजूला ठेवून बघू.

वेळ: अ‍ॅडव्हान्स कोर्स साधारण वर्षाचा. सुरुवातीला काही दिवस नोडल सेंटरला (प्रशिक्षणासाठी नेमलेल्या कॉलेजात), मग ऑनलाइन चर्चा आणि आपल्याच कॉलेजात शैक्षणिक प्रकल्प. एमएचपीई (मास्टर्स इन हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेशन) ही आरोग्यशिक्षणातली पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांची, प्रबंधासह. नाशिकचं आरोग्य विद्यापीठ ती देतं.

प्रवास आणि रजा हा खरा प्रश्न. सिंधुदुर्गातल्या ओरोसहून एमएचपीईसाठी बाहेर जायचं म्हणजे दिवस जातो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक मंदावतं, घाटात दरड पडली की संपलंच. शिवाय नव्या कॉलेजांत विभागात माणसं मोजकी. तुम्ही गेलात की ओपीडी कुणी बघायची? इथे अ‍ॅडव्हान्स सरळ जिंकतो.

खोली: अ‍ॅडव्हान्सचा प्रकल्प छोटा, पण एमबीबीएसला २०१९पासून आलेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात (विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येतं यावर भर देणाऱ्या) रोज लागणाऱ्या गोष्टी हाताखालून जातात. संशोधनपद्धती मुळातून शिकायची तर एमएचपीईच.

बढतीच्या अटींत मात्र या तिघांपैकी बेसिक कोर्सच मोजतात, त्यामुळे नुसत्या त्या आशेने कुठलाच करू नये.

मेडिकल एज्युकेशन युनिट (कॉलेजातल्या शिक्षकांना प्रशिक्षण देणारा कक्ष) चालवायचं असेल, घरी लहान मूल असेल, तर अ‍ॅडव्हान्स. वैद्यकीय शिक्षण हाच पुढचा विषय करायचा, तर एमएचपीई, तेही विभागप्रमुखांकडून रजेचं लेखी घेऊन.